'ही फाइल कोणाची?' : शेअर्ड ड्राइव्हवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

'शेअर्ड ड्राइव्ह बंद करा' (म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कवरचे सगळ्यांचे सामायिक फोल्डर) या माझ्या लेखावर तुम्ही खरेदी विभागातल्या २२ वर्षांच्या अनुभवावरून लिहिलंत. तुमचं म्हणणं असं : जुन्या ड्राइव्हवर फाइल दोन मिनिटांत सापडायची, शेअरपॉइंट (फायली ठेवायची मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन व्यवस्था) आल्यापासून सापडत नाही. लोक पुन्हा मेलला जोडून किंवा टीम्स या मायक्रोसॉफ्टच्याच अ‍ॅपमधल्या चॅटवर फायली पाठवू लागलेत, आणि मी मात्र सगळं खापर वापरणाऱ्यांवर फोडतो. शेवटी 'तुम्ही सॉफ्टवेअर विकणाऱ्यांची भाषा बोलता' असंही म्हणालात.

खापराबद्दलचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. 'लोकांना शिस्त नाही' हे वाक्य मी लिहायला नको होतं. चाकणच्या एका कारखान्यात डॉक्युमेंट कंट्रोल (कागदपत्रं आणि त्यांच्या आवृत्त्या सांभाळण्याचं काम) माझ्याकडे होतं, तेव्हा लायब्ररीला, म्हणजे शेअरपॉइंटमधल्या फायलींच्या संग्रहाला, फाइल चढवताना भरायचे सात सक्तीचे रकाने मीच लावले होते. विभाग, प्रकल्प, ग्राहक, दस्तऐवजाचा प्रकार, आणि असेच आणखी तीन. फाइल चढवणाऱ्याच्या मागे दहा कामं लागलेली असायची. तो प्रत्येक यादीतला पहिला पर्याय निवडून मोकळा व्हायचा. सहा महिन्यांनी पाहिलं तर निम्म्या फायली एकाच ग्राहकाच्या नावावर, कारण यादीत त्याचं नाव सगळ्यात वर होतं. अशा माहितीवर शोध चालणार कसा? ती चूक माझी होती. नंतर पाच रकाने काढले, दोन ठेवले, आणि त्यातला विभागाचा आपोआप भरला जाईल अशी सोय केली.

पण 'दोन मिनिटांत सापडायची' हे मला पटत नाही. तुम्हाला सापडायची, कारण ते फोल्डर तुम्हीच लावले होते. शिवाय सापडलेली प्रत चालू होती की जुनी, हे ड्राइव्ह सांगत नव्हता. त्याच कारखान्यात वेल्डिंग शॉपच्या सुपरवायझरनं ड्राइव्हवरून ड्रॉइंग काढलं. फोल्डर बरोबर, भागाचा नंबर बरोबर, रिव्हिजन (आवृत्ती) मात्र जुनी, 'सी'. नवी 'डी' डिझाइनवाल्यांनी त्यांच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली होती. एक अख्खी पाळी चुकीच्या जागी भोकं असलेले ब्रॅकेट बनत राहिले. पाळी सुटल्यावर तो प्रिंट हातात घेऊन माझ्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मी चुकलो कुठे?" तो कुठेच चुकला नव्हता. आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीतलं ७.५ हे कलम नेमकं याचसाठी आहे : कागद हवा तिथे, हवा तेव्हा मिळावा आणि त्यातल्या बदलांवर नियंत्रण असावं. ऑडिटच्या आदल्या आठवड्यात मास्टर लिस्ट (कोणत्या कागदाची कोणती आवृत्ती चालू आहे याची यादी) छापून भिंतीवर लावली, म्हणजे ते होत नाही.

टीम्सच्या चॅटबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंत, मला तो भाग सगळ्यात काळजीचा वाटतो. चॅनेलमध्ये (टीमच्या सामायिक चर्चेत) टाकलेली फाइल त्या टीमच्या शेअरपॉइंट साइटवर जाते, पण चॅटमध्ये पाठवलेली फाइल पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या वनड्राइव्हवर (त्याच्या खात्याच्या वैयक्तिक ऑनलाइन जागेत) असते. तो नोकरी सोडून गेला आणि त्याचं खातं काढलं, की कंपनीनं वेगळं काही ठरवलेलं नसेल तर ते वनड्राइव्ह ३० दिवस राहतं, मग हटवलं जातं. पुरवठादाराशी ठरलेल्या दरांचा तक्ता अशा चॅटमध्ये पडून असेल, तर कृपा करून याच आठवड्यात तो तिथून हलवा.

फाइल न सापडण्याचं आणखी एक कारण फारसं कोणी सांगत नाही. शेअरपॉइंटचा शोध तुम्हाला परवानगी असलेल्याच फायली दाखवतो. गुणवत्ता विभागाचा अहवाल तिथे असतो, पण तुमच्या पडद्यावर काहीच येत नाही. 'फाइल नाही' आणि 'तुम्हाला परवानगी नाही' या दोन गोष्टी वापरणाऱ्याला सारख्याच दिसतात. मग विश्वास उडाला तर दोष त्याला कसा द्यायचा? त्यात बहुतेक कंपन्या जुना ड्राइव्ह आहे तसा, एका शनिवार-रविवारात उचलून नव्या जागी ओततात. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल नवीन २' सगळं सोबत. एकात एक दहा फोल्डर असले की सगळ्या नावांची मिळून लांबी ४०० अक्षरांची मर्यादा ओलांडते आणि काही फायली चढतच नाहीत, हे वेगळंच.

माझे वडील अहमदनगर जिल्ह्यात (आताचं अहिल्यानगर) तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. ऐंशीच्या दशकात तिथले जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीतलं दप्तर लावून घेतलं, तो पुढे 'लखिना पॅटर्न' म्हणून ओळखला गेला. वडिलांच्या टेबलावर संगणक नव्हता. होती ती सहा गठ्ठ्यांची पद्धत : चालू प्रकरणं, प्रतीक्षेतली, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची. कोणता कागद कायम जपायचा आणि कोणता ठरावीक वर्षांनी काढून टाकायचा हे वर्गवारीनं ठरलेलं होतं, आणि प्रत्येक गठ्ठ्यामागे एक कारकून होता. साहेब आले तर विचारायचं कोणाला, हे शिपायालाही ठाऊक असे.

आपल्या कंपन्यांमध्ये हा सहावा, नष्ट करायच्या कागदांचा गठ्ठा कोणाच्याच कामात लिहिलेला नसतो. आयटीवाले साइट उघडून देतात, परवानग्या देतात, पण कोणता दरकरार मार्चमध्ये संपला हे त्यांना कळायचा मार्ग नाही. ते खरेदीतल्या माणसालाच ठाऊक. म्हणून लायब्ररी विभागाच्या एका पदाच्या नावावर हवी, आणि वर्षातून दोन दिवस साफसफाईसाठी कामाच्या वेळेतूनच मिळायला हवेत. उद्या तुमच्या कंपनीनं शेअरपॉइंट सोडून गूगल ड्राइव्ह घेतला तरी मी हेच लिहीन. मी कोणाचंच सॉफ्टवेअर विकत नाही.

तुमच्या विभागात दरकरारांचं फोल्डर आज कोणाच्या नावावर आहे, ते जरूर कळवा. शिस्तीबद्दलचं ते वाक्य मूळ लेखातून काढलं आहे आणि सक्तीच्या रकान्यांबद्दलचा माझा अनुभव तिथे जोडला आहे.