नावात नाशिक, मैदानात पुणे

"सगळं पुण्याला जातं" ही नाशिककरांची तक्रार मी लहानपणापासून ऐकतेय. कंपन्या गेल्या, कॉलेजं गेली, आता क्रिकेट. 2023 साली महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. सहा संघांत आपलाही एक, ईगल नाशिक टायटन्स. माझे मामा हरखले होते. मग वेळापत्रक आलं आणि कळलं की सामने सगळेच्या सगळे पुण्याजवळ गहुंज्याला. कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी, संभाजीनगर, कुणाचाच संघ आपल्या गावात खेळणार नव्हता.

तेव्हापासून मामांचं पालुपद एकच आहे. नाशिकला मोठं स्टेडियम हवं, जागा नि पैसे सरकारनं द्यावेत, मग आयपीएलचा संघसुद्धा झक मारत येईल. सिंहस्थासाठी एवढे कोटी निघतात, त्यात हेही बसवा म्हणे. मामा एकटे नाहीत. घरी ज्यांच्याशी बोलावं त्यांचं साधारण हेच मत असतं, आणि मी विरोध केला की "तुला तिकडे बसून काय कळणार" हे ठरलेलं.

पण मला कळतं ते इथे बसूनच. मी कॅलिफोर्नियात ओकलंडजवळ राहते. या शहरातून पाच वर्षांत तीन मोठे संघ निघून गेले. 2019 मध्ये बास्केटबॉलचे वॉरियर्स खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेले, 2020 मध्ये अमेरिकन फुटबॉलचे रेडर्स लास वेगसला, आणि 2024 च्या हंगामानंतर बेसबॉलचे ॲथलेटिक्स. वॉरियर्सचं फारसं कुणी मनाला लावून घेतलं नाही, लोकल पकडून जाता येतं. जिव्हारी लागलं ते तिसरं जाणं.

ॲथलेटिक्स मुळात फिलाडेल्फियाचे. तिथून कॅन्सस सिटी, तिथून 1968 मध्ये ओकलंड. म्हणजे ओकलंडलाही हा संघ दुसऱ्या कुणाचा तरी हिरमोड करूनच मिळाला होता, हे इथले लोक फारसं बोलून दाखवत नाहीत. पण इथे तो छपन्न-सत्तावन्न वर्षं राहिला, चार वेळा वर्ल्ड सीरिज, म्हणजे बेसबॉलचं सर्वांत मोठं विजेतेपद, जिंकला. अखेरच्या काही वर्षांत मालकानं खेळाडूंवरचा खर्च इतका कमी केला की संघ हरतच राहिला. स्टेडियम पडकं झालं, लोक यायचे थांबले, आणि मग "बघा, लोकच येत नाहीत" हेच जाण्याचं कारण म्हणून पुढे आलं. त्यावर चाहत्यांनी 13 जून 2023 ला उलटा बहिष्कार घातला. एरवी काही हजार डोकी असायची तिथे ठरवून 27,759 लोक आले, मालकानं संघ विकावा असं छापलेले हिरवे टी-शर्ट घालून. त्याच आठवड्यात शेजारच्या नेवाडा राज्यानं लास वेगसमधल्या नव्या स्टेडियमसाठी 38 कोटी डॉलरपर्यंतचा सार्वजनिक पैसा मंजूर करून टाकला.

26 सप्टेंबर 2024 ला शेवटचा सामना झाला. स्टेडियम गच्च भरलं होतं, संघ 3-2 असा जिंकलाही. लोक मैदानातली माती पेल्यांत भरून घरी घेऊन गेले. आमच्या गल्लीतले एक आजोबा अजून ती हिरवी टोपी घालतात, पण सामना बघत नाहीत. त्यांचा मुलगा आता सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाच्या बाजूनं ओरडतो आणि घरात त्यावरून चक्क अबोला होतो. बाहेरच्याला हे हास्यास्पद वाटेल. पण चाळीस वर्षं उन्हाळ्याची प्रत्येक संध्याकाळ ज्याच्याभोवती गेली, ते एका माणसाच्या सहीनं उठून जातं आणि तुम्हाला साधं विचारतही नाही, याचा राग मला समजतो. लास वेगसचं स्टेडियम तयार होईपर्यंत संघ सॅक्रॅमेंटोला खेळतो आणि या काळात नावापुढे कुठल्याच गावाचं नाव लावत नाही. आपल्या टायटन्सच्या अगदी उलट: नावात नाशिक आणि खेळायला पुणे.

तरी भावना बाजूला ठेवू. मामांना मी सांगते ती गोष्ट पैशांची आहे. रेडर्स आधी एकदा, 1982 मध्ये, लॉस एंजेलिसला निघून गेले होते. 1995 मध्ये त्यांना परत आणायचं म्हणून शहरानं आणि काउंटीनं, म्हणजे जिल्ह्यानं, कर्ज काढून ॲथलेटिक्स खेळायचे त्याच स्टेडियमवर प्रेक्षकांसाठी एक प्रचंड मजला चढवला. त्यानं पाठीमागच्या टेकड्या झाकल्या गेल्या, बेसबॉलवाले कायम त्याच्या नावानं बोटं मोडत राहिले. 2020 मध्ये रेडर्स पुन्हा गेले. कर्जाचे हप्ते मात्र इथल्या करदात्यांच्या गळ्यात राहिले. या शहरात शाळा बंद करायच्या का, यावर तेव्हाही भांडणं चालू होती.

एवढ्या लांबचं उदाहरण नको असेल तर पुण्याचंच घ्या. आपण ज्या पुण्यावर जळतो तिथले आयपीएलचे संघ टिकले का? पुणे वॉरियर्स 2011 मध्ये आले, 2013 नंतर संपले. सुपरजायंट दोनच हंगाम, 2016 आणि 2017. 2016 मध्ये तर दुष्काळामुळे उच्च न्यायालयाच्या आदेशानं 30 एप्रिलनंतरचे जवळपास सगळे सामने राज्याबाहेर गेले. संघ उडून गेले, आणि 2018 मध्ये बँकांनी थकलेल्या कर्जापायी गहुंज्याच्या स्टेडियमचा प्रतीकात्मक ताबा घेतला. हे सांगितलं की मामा विषय बदलून कांद्याच्या भावावर येतात.

एकदा मात्र त्यांनी बरोबर पकडलं. "अगं, संघानं गाव सोडलं म्हणून गळा काढतेस, तू काय केलंस?" मी म्हटलं, "मामा, मला ठेवून घ्यायला महापालिकेनं कर्ज काढलं नव्हतं." हसले, पण मुद्दा त्यांनी सोडला नाही, आणि मलाही तो पूर्ण खोडता आलेला नाही.

माझं म्हणणं एवढंच की मागायचंच तर जे हलवता येत नाही ते मागा. आपल्याकडे गोल्फ क्लब आहे. पाटीवर हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण रिक्षावाल्याला गोल्फ क्लबच सांगावं लागतं. जानेवारी 2025 मध्ये तिथे महाराष्ट्रानं रणजी करंडकात बडोद्याला 439 धावांनी हरवलं, ऋतुराज गायकवाडच्या नेतृत्वाखाली. सत्यजित बच्छाव, रामकृष्ण घोष, सिन्नरची माया सोनवणे ही आपली मुलं कुठल्याही फ्रँचायझीच्या आधीपासून खेळतायत. हंगामात रणजीचे दोन सामने हक्कानं नाशिकला, एखादा मुलींचा, लीगचे निदान चार दिवस फिरतीवर इथे, आणि त्यासाठी लागतील तेवढ्याच खेळपट्ट्या, ड्रेसिंग रूम, स्वच्छतागृहं. हे मागायला अब्जावधी लागत नाहीत. नाशिकचं नाव वापरणाऱ्यानं नाशिकला खेळावं, ही अट तरी कुणी घातली का? शहराचं नाव फुकट देऊन टाकायचं आणि वर स्टेडियमही आपणच बांधून द्यायचं, हा कुठला व्यवहार?

आणि संघ हवाच असेल तर मालकी बघा. विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बे या जेमतेम लाखभर वस्तीच्या गावात अमेरिकन फुटबॉलचा पॅकर्स हा संघ शंभर वर्षांहून जास्त काळ टिकून आहे, कारण तो कुणा एकाचा नाहीच. पाच लाखांहून जास्त भागधारक आहेत, लाभांश कुणालाच मिळत नाही. लीगनं नंतर असा दुसरा संघ होऊ नये म्हणून नियमच करून टाकला, यातच सगळं आलं. ओकलंडमध्येही ॲथलेटिक्स जाणार हे दिसल्यावर बॉलर्स नावाचा छोटा संघ उभा राहिला. खालच्या दर्जाची लीग, वेस्ट ओकलंडमधलं एक जुनं सार्वजनिक मैदान, आणि थोडे थोडे पैसे घालून चाहत्यांनी घेतलेले हिस्से. 2025 मध्ये त्यांनी लीग जिंकली. गल्लीतले आजोबा त्या सामन्यांना जातात, टोपी मात्र जुनीच.

मामांना हे मी सगळं सांगितलं. त्यांना हिस्से-बिस्से पटले नाहीत. "नाशिकमध्ये पाचशे लोकांनी मिळून काही चालवलंय का कधी? पहिल्याच सभेत भांडतील." भांडू देत की. निदान भांडण तरी गोल्फ क्लबवर होईल, गहुंज्याला नाही.