फेसबुकच्या बॉट्सनी गुप्त भाषा शोधल्याच्या मेसेजबद्दल खुलासा

‘फेसबुकच्या दोन एआय बॉट्सनी गुप्त भाषा तयार केली, शास्त्रज्ञ घाबरले आणि त्यांनी ते बंद केले’ हा मेसेज २०१७ पासून फिरतोय. (बॉट म्हणजे संवाद साधणारा संगणक प्रोग्राम.) एआय म्हणजे काय हे नुकतंच समजून घेणारे यामुळे विनाकारण धास्तावतात. प्रयोग खरा होता, घबराट खोटी.

बॉट्सना घासाघीस शिकवायची होती. पुस्तकं, टोप्या आणि चेंडू दोघांत वाटून घ्यायचे; कोणती वस्तू किती मोलाची, हे प्रत्येकासाठी वेगळं. आधी त्यांना माणसांचे संवाद दाखवले, मग सराव करायला लावला. गुण मिळायचे ते चांगल्या सौद्याचे. शुद्ध इंग्रजीला गुण नव्हतेच! त्यामुळे भाषा घसरत गेली आणि एक बॉट ‘बॉल्स हॅव झिरो टू मी टू मी टू मी’ असं बरळू लागला. यात कसला कट? ज्याला गुण, तेवढंच यंत्र शिकतं.

संशोधकांना माणसांशी बोलू शकणारे बॉट हवे होते, म्हणून त्यांनी सरावाची पद्धत बदलली. या प्रयोगातले एक संशोधक ध्रुव बत्रा यांनी तेव्हाच जाहीरपणे ‘बंद पाडल्या’च्या बातम्या खोडून काढल्या होत्या. लपवाछपवीही नव्हती: शोधनिबंध आणि कोड जून २०१७ मध्येच सर्वांसाठी खुले केले होते.