कालव्याच्या पाळीवरची वाट सायकलींसाठी राखा

परवा कॅनलला पाणी सुटलं. आज रविवार, म्हणून साडेसहालाच सायकल काढली आणि पाळीवर, म्हणजे कालव्याच्या काठच्या बांधावर, चढलो. जानेवारीचा शेवट, तरी थंडी अशी की हँडल धरलेली बोटं बधिर झाली होती. उजव्या हाताला काठोकाठ पाणी, त्यावर वाफ. डाव्या हाताला खाली संत्र्याच्या बागा, आणि त्यांच्या पलीकडून वर्धा नदीच्या अंगानं सूर्य वर येत होता. ज्या बागांचा ताण नुकताच तोडलाय, म्हणजे थांबवलेलं पाणी पुन्हा दिलंय, तिथे आंबिया बहराची फूट दिसायला लागली आहे. एका बागेत तर पांढरी फुलंच उमलली होती. संत्र्याच्या फुलांचा वास डोळ्यांनी बाग दिसायच्या आधी येतो. वळणाच्या अलीकडेच कळतं की पुढे फुलोरा आहे.

तासाभरात मला एक बैलगाडी, दोन मोटारसायकली आणि दूध घेऊन जाणारा एक सायकलवाला भेटला. बस. हॉर्न एकदाही ऐकला नाही.

मी बोलतोय ऊर्ध्व वर्धा धरणाच्या उजव्या कालव्याबद्दल. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला धरण, तिथून हा कालवा तिवस्याकडे जातो. मी या पाळीवर अकरा वर्षं सायकल चालवतोय आणि आज मला एक गोष्ट मनापासून मांडायची आहे: कालव्याच्या पाळीवरची ही वाट सायकलीसाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी राखली पाहिजे, आणि ती तशी कागदावर यायला पाहिजे.

ही वाट सायकलीला इतकी का मानवते, ते एकदा समजून घ्या. कालव्यातलं पाणी पंपाशिवाय, आपल्या आपण वाहायला हवं, म्हणून त्याला उतार अगदी नावापुरता देतात. हजारो मीटरला एखादा मीटर. त्यामुळे कालवा टेकडी चढत नाही, तिला वळसा घालतो. नाला आला की त्याच्या वरून किंवा खालून जातो. त्याच्या सोबतची वाटही तशीच. तुम्ही वीस किलोमीटर गेलात तरी मांडीला चढ जाणवत नाही. जिथे जमीन उंच तिथे कालवा खोदून काढलेला, दोन्ही बाजूला मुरमाच्या भिंती, वारा बंद. जिथे जमीन खोल तिथे भराव घातलेला, आणि तुम्ही एकदम संत्र्याच्या शेंड्यांच्या वर. फळं धरलेली असताना भरावावरून बाग बघावी. प्रत्येक फांदीखाली बांबूचा टेकू, आणि टेकू देऊनही फांदी जमिनीला टेकलेली.

पण मी हे सगळं निसर्गासाठी लिहीत नाहीये. गेल्या ऑगस्टमधली गोष्ट सांगतो.

पाऊस नुकताच उघडला होता. समोर शाळेच्या ड्रेसमधल्या दोघी मुली सायकल आडवी टाकून बसलेल्या. चेन उतरली होती आणि गार्डमध्ये अडकली होती. आमच्या काळ्या मातीचा चिखल चाकाला बसला की निघत नाही, थरावर थर चढतो, चाक फिरायचं थांबतं. मी बॅगेतला पेचकस काढला, गार्ड सैल केलं, काडीनं चिखल खरवडला, मागच्या दातऱ्यावर चेन बसवली. धाकटी तोवर पेडल हातानं फिरवत होती. तिची बोटं ग्रीसनं काळी झाली, ती तिनं ओल्या गवताला पुसली, ड्रेसला लागू दिली नाही. मी विचारलं, "तुमच्या गावाहून डांबरी रस्ता आहे ना? तो तर जवळ पडतो." मोठी म्हणाली, "दोन किलोमीटर जवळ पडते सर. पन आई तिकडून जाऊ देत नाही. टिप्पर असतात. कॅनलवरून जायचं असन तरच शाळा, म्हनते."

कॅनलवरून जायचं असेल तरच शाळा. हे वाक्य त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. सरकार मुलींना शाळेत जायला सायकली देतं, आणि ते फार चांगलं काम आहे. पण ती सायकल चालवायची कुठे, हे कुणी विचारतं का? गावागावांत मुलींना सायकल आली आणि त्याच वर्षांत रस्ते रुंद होत गेले, गाड्यांचा वेग वाढला, कडेचे जुने कडुनिंब गेले. सायकलवाल्याला उरली ती पांढऱ्या पट्टीच्या बाहेरची हातभर जागा, आणि तीही गिट्टीनं भरलेली.

या वाटेची अडचण अशी की ती कुणाच्या लेखी रस्ताच नाही. कालव्याची देखरेख करायला, गेट उघडायला-लावायला माणसं जाता यावीत म्हणून ती केलेली. त्यामुळे तिच्यावर कुणीही काहीही करतं. दोन वर्षांपूर्वी पाइप टाकायला कुणीतरी पाळ आडवी खोदून ठेवली. ना दगड लावला, ना साधी बाभळीची फांदी. पहाटेच्या अंधारात मी थेट त्यात गेलो. मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होतं. माझं वय झालं, माझं चालून जाईल. त्या जागी ती धाकटी असती तर?

माझा भाचा गेल्या वर्षी फ्रान्सला गेला होता. तिथे दक्षिणेत 'कनाल द्यु मिदी' म्हणून कालवा आहे, सुमारे २४० किलोमीटर लांब. प्येर-पॉल रिके नावाच्या माणसानं १६६६ साली त्याचं काम सुरू केलं, १६८१ मध्ये कालवा खुला झाला. तो बघायला रिके राहिला नाही, काही महिने आधीच वारला. तो कालवा होड्यांसाठी बांधलेला, आणि काठावरची वाट त्या होड्या ओढणाऱ्या घोड्यांसाठी. आता घोडे नाहीत, त्याच वाटेवर सायकली चालतात, दोन्ही अंगाला द्राक्षांचे मळे. १९९६ पासून तो जागतिक वारसा आहे. भाच्यानं फोटो पाठवले तेव्हा मी त्याला लिहिलं, अरे द्राक्षांच्या जागी संत्री लाव, हा आपला सिंभोऱ्याचाच कॅनल आहे!

त्या फोटोंत एक गोष्ट मात्र आपल्याकडे नाही. सावली. त्यांच्या काठावर चिनारासारखी प्लेन म्हणतात ती झाडं लावलेली, एके काळी ४२ हजारांच्या आसपास. २००६ मध्ये त्यांच्यात बुरशीचा रोग सापडला आणि हजारो झाडं तोडावी लागली, कारण एकाच जातीची झाडं ओळीनं, एकाचा रोग दुसऱ्याला. आता ते वेगवेगळ्या जाती लावतायत. आपण झाडं लावू तेव्हा हे ध्यानात ठेवावं. कडुनिंब, करंज, जांभूळ, चिंच, मधेमधे पळस, अशी मिसळ हवी. आमच्याकडे सध्या पाळीवर काय आहे? बेशरम आणि वेडी बाभूळ. सावली शून्य, पंक्चर दर आठवड्याला.

कालव्याचे इंजिनिअर म्हणतात पाळीवर झाडं चालत नाहीत, मुळं भरावात शिरतात आणि पाणी पाझरतं. त्यांचं खरं आहे, मी वाद घालत नाही. पण झाडं पाळीच्या माथ्यावर लावायचीच नाहीत. पाळीच्या पायथ्याला, कालव्यासाठी घेतलेल्या जमिनीची जी शेवटची पट्टी शेताच्या धुऱ्याला लागते, तिथे लावायची. सकाळच्या आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तिथली सावलीही वाटेवर येते.

दुसरा आक्षेप शेतकऱ्यांचा, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एका ओळखीच्या बागायतदाराला मी हे बोललो तर तो म्हणाला, "सर, तुमची सायकल ठीक आहे, पन माहा माल निंघाला पाहिजे. मेटॅडोर बागेपर्यंत नाही आला तर संत्रं डोक्यावर न्यायचं का?" अगदी बरोबर. वरुड-मोर्शीचा संत्रा नागपुरी संत्रा म्हणून नावाजला, २०१४ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बागेतून डांबरापर्यंतचा शेवटचा एक किलोमीटर अजून चिखलाचाच आहे. त्याची गाडी अडवून माझी सायकल मला चालवायची नाही. पण कालव्याला दोन पाळी असतात. एकीवर देखरेखीचा रुंद रस्ता, दुसरी अरुंद आणि बहुतेक ठिकाणी रिकामी. रुंद पाळीवरून शेतमालाची वाहनं जावीत. अरुंद पाळ सायकलींना आणि पायी माणसांना द्या. तिथे डांबर नको, पेव्हर ब्लॉक नको, नावाची कमान तर मुळीच नको. चांगला मुरूम टाकून रोलर फिरवा, दर पावसाळ्यानंतर खड्डे बुजवा, आणि टिप्पर वर चढणार नाही असे दोन दगडी खांब तोंडाशी रोवा. मधून सायकल जाईल एवढी फट ठेवा.

आणखी एक, आणि हे कळकळीनं. पाणी चालू असताना कालव्यात उतरू नका. हात धुवायलासुद्धा नाही. काँक्रीटच्या उतरत्या बाजूला शेवाळ धरतं, पाय घसरला की धरायला काही नसतं, आणि वरून संथ दिसणारं पाणी आत जोरात ओढतं. दर थोड्या अंतरावर पायऱ्या आणि लोखंडी कड्या हव्यात, सायफनच्या, म्हणजे कालवा नाल्याखालून जातो त्या बोगद्याच्या, तोंडाशी तर हव्याच. शाळेत जाणाऱ्या पोरी रोज या पाण्याच्या कडेनं जातात.

अशा वाटा आपल्या विदर्भात आणखी आहेत. पारशिवनी-रामटेककडे पेंचचे कालवे आहेत, तिथे दोन्ही बाजूला भाताच्या बांध्या. सेलूच्या बाजूला बोर धरणाचा कालवा. पेंच आणि बोर दोन्हीकडे जंगल लागून आहे, वाघाचा मुलूख आहे, तेव्हा अंधारात एकट्यानं जाऊ नका, आधी गावात विचारा. टायर जरा रुंद वापरा, हवा थोडी कमी ठेवा, दोन जास्तीच्या ट्यूब घ्या. बागेतलं फळ न विचारता तोडू नका. विचारलंत तर ओंजळभर मिळतं, हा माझा अकरा वर्षांचा अनुभव आहे.

आज परतताना गेटजवळ एक म्हातारे बाबा पाण्याकडे बघत उभे होते. मी म्हटलं, "बाबा, सुटलं ना पाणी?" ते म्हणाले, "सुटलं नं. टेलले पोचन तवा म्हनू." त्यांचं शेत टेलला, म्हणजे कालव्याच्या टोकाला, पार शेवटच्या मायनरवर (लहान फाट्यावर) आहे. मी त्यांना माझा नंबर दिला, पोचलं की फोन करा म्हटलं.

पुढच्या रविवारी सकाळी सहा वाजता मी मोर्शी बस स्टँडवर आहे. तिथून सिंभोरा, मग पाळीनं खाली जमेल तितकं. तोवर फुलोरा भरात असेल. तालुक्यातल्या ज्या शिक्षकांना, पालकांना यायचं त्यांनी या, मुलींना घेऊन या. वाटेत कुठे खोदलंय, कुठे पाळ खचलीय, कुठे कड्या हव्यात, ते सगळं वहीत उतरवून घेऊ आणि सोमवारी अर्ज घेऊन जाऊ. अर्जाचा मसुदा मी लिहून ठेवलाय. सह्या हव्या आहेत.