नवऱ्याच्या कर्जापायी आपलं घर कसं घालवावं

नुसतं लग्न केलं म्हणून नवऱ्याचं कर्ज बायकोच्या डोक्यावर बसत नाही, ही मोठीच अडचण आहे. तुमच्या नावावरचा फ्लॅट तुमचाच. स्त्रीधनही सर्वस्वी तुमचंच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सांगून ठेवलंय. तेव्हा हे सगळं बँकेच्या घशात घालायचं तर मेहनत तुम्हालाच घ्यावी लागणार.

सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे सही. ‘वहिनी, नुसती फॉर्मॅलिटी आहे’ म्हणत साहेब पेन्सिलीच्या फुल्या मारलेला गठ्ठा पुढे सरकवतील. फुली दिसेल तिथे सही ठोका. वर काय छापलंय ते वाचायला चष्मा शोधू नका. ‘जामीनदार’ छापलेलं असलं, की करार कायद्याच्या कलम १२८ नुसार तुमची जबाबदारी सहसा कर्जदाराइतकीच, आणि बँकेने आधी नवऱ्याला गाठायलाच हवं असंही नाही. ‘सहकर्जदार’ असेल तर बोलायलाच नको. सोबत फ्लॅटचा मूळ करारनामा तारण ठेवून आलात, तर दुधात साखर.

दागिन्यांची पावती नवऱ्याच्या नावे करा. माहेरच्या सोन्याची यादी, लग्नातले फोटो, असला पुरावा जपणं म्हणजे त्याच्यावर अविश्वासच! पगारही त्याच्याच खात्यात जाऊ द्या. त्यातले कुठले पैसे तुमचे, हे शोधताना तुमचाच वकील थकेल.

विम्याला नॉमिनी लावलंय ना, मग झालं. विवाहित महिला मालमत्ता कायद्याच्या (१८७४) कलम ६ खाली पॉलिसी घेतली तर ती बायकामुलांसाठीचा ट्रस्ट ठरते आणि, धनकोंना, म्हणजे कर्ज देणाऱ्यांना, फसवायलाच काढलेली नसेल तर, त्यांचा हात तिथे पोचत नाही. पण ते पॉलिसी घेतानाच लिहून द्यावं लागतं. कोण कटकट करणार?

वसुलीची नोटीस आली, की मात्र चपळाई दाखवा आणि त्याच आठवड्यात नवऱ्याच्या जागेचं बक्षीसपत्र स्वतःच्या नावे करून घ्या. धनकोंना चुकवण्यासाठी केलेलं हस्तांतर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली रद्द होऊ शकतं, आणि दोन तारखा शेजारी ठेवल्या की हेतू आपोआप दिसतो.

कोर्टाचा बेलिफ जप्तीला आला तर फ्रिजची पावती आपल्या नावाची आहे हे सांगू नका. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २१, नियम ५८ खाली हरकत घेता येते. तो अर्ज लिलाव उरकल्यावर द्या, म्हणजे कोर्ट तो ऐकणारच नाही. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि मंगळसूत्र मात्र कलम ६० मुळे जप्तीतून सुटतात. मंगळसूत्र तेवढं तुम्हालाच नेऊन गहाण टाकावं लागेल.