माणूस म्हणून कशाला जगताय, कंपनी व्हा!

भाऊहो, फुकटचा सल्ला देतो. जमलं तर माणसातून उठा आणि प्रायव्हेट लिमिटेड व्हा. परवा टिश्यू कल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या, केळीच्या रोपांची तक्रार घेऊन जळगावला रोपं विकणाऱ्या कंपनीत गेलो, अर्धी बाग निसवलीच नाही, घडच बाहेर पडले नाहीत, आणि जी निसवली तिचे घड वेडेवाकडे. तर तोच साहेब, तीच खुर्ची, भिंतीवर तोच बालाजी, बाहेरचा बोर्ड तेवढा नवा. म्हणे, "आप्पा, ती कंपनी बंद झाली, ही वेगळी." अहो पण पैसे तर तुम्हीच मोजून घेतले ना? "मी नाही, कंपनीनं घेतले."

तर सगळ्यात आधी जन्म घ्या, रजिस्ट्रारकडे. आईबाप लागत नाहीत. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम ९ वाचा, नोंदणी झाली की तुम्ही स्वतंत्र व्यक्ती, जमीन तुमच्या नावावर, कोर्टात दावा तुमच्या नावानं, आणि संचालक वर गेले तरी तुम्ही आपले जिवंत.

आजारी पडू नका, तोट्यात जा.

तुरुंगाचं टेन्शन घेऊ नका. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, कैद सक्तीची असली तरी कंपनीवर खटला चालतो, पण शिक्षा दंडाचीच. बेडी घालणार कोणाच्या हातात!

मत देता येत नाही म्हणून रडू नका, निवडणूक रोखे होते तेव्हा तोट्यातली कंपनीसुद्धा पक्षाला हवे तेवढे पैसे देऊ शकत होती. २०२४ मध्ये कोर्टानं ते बंद पाडलं, तोवर देणाऱ्यांनी दिले होते.

आता कर्ज. इथं गुरू करायचा तो लंडनचा सॅलोमन. बूट बनवायचा. स्वतःचा धंदा स्वतःच्याच कंपनीला विकला, २०,००७ पैकी २०,००१ शेअर याचे, उरलेले ६ घरच्यांचे. कंपनी बुडाली, उधारीवाले हात चोळत बसले आणि १८९६ ला हाऊस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वात वरच्या कोर्टानं, निकाल दिला की सॅलोमन वेगळा न् कंपनी वेगळी. आता माझं बघा, मी पीककर्ज काढलं तर सातबाऱ्यावर बोजा चढतो, मी मेलो तरी तो बोजा काही उतरत नाही, पोराच्या डोक्यावर बसतो, सोसायटीचा माणूस दारात येऊन बसतो तेव्हा मी त्याला म्हणू का की भो, तो शेतकरी बंद झाला, मी नवा आहे, टोपी बदललीय बघ? चपलेनं मारतील मला! आणि तो जळगावचा साहेब बोर्ड बदलून एसीत बसतो आणि वर चहा विचारतो.

आता सरळच बोलतो. ही सोय धंद्यात जोखीम घेणाऱ्यासाठी आहे, गिऱ्हाईक बुडवायला नाही. कंपनीच्या आडून फसवलं तर कोर्टाला पडदा बाजूला सारून मागचा माणूस धरता येतो, त्याच कंपनी कायद्याच्या कलम ४४७ मध्ये १० वर्षांपर्यंत कैद आहे. मग कृषी खात्याच्या साहेबांनी पंचनाम्यात बंद कंपनीचंच नाव का लिहिलं? खुर्चीवरचा माणूस दिसला नाही का? शेतकरीही ग्राहक आहे, बियाण्यासाठी ग्राहक आयोगात (पूर्वीचा ग्राहक मंच) जाता येतं, हे सुप्रीम कोर्टानं २०१२ लाच सांगितलंय. बिलं काढा, चला माझ्यासोबत. पण नाही, तुम्ही त्याच नव्या बोर्डाखाली बुकिंगला रांग लावणार आणि मलाच सांगणार, "आप्पा, रेट कमी आहे." अरे रेट कमी आहे कारण मागच्या गिऱ्हाईकांचे पैसे अजून त्याच्याच खिशात आहेत, एवढं तरी डोकं चालवा की!