‘संस्कार कसले?’ असं विचारणाऱ्या पालकांना

‘आमच्या घरची भाटी’ या माझ्या लेखाखाली पुण्याच्या एका वाचकांनी लांबलचक प्रतिक्रिया लिहिली आहे. नाव दिलेलं नाही, ‘एक पालक’ एवढीच सही. उत्तर द्यायचं नाही असं दोन दिवस ठरवून बसले होते. तिसऱ्या दिवशी भात कुकरला लावून पुन्हा वाचली आणि शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी सांगते. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या घरी काजूच्या हंगामात भाटी, म्हणजे दारू गाळायची भट्टी, लागायची. संध्याकाळी बाबा सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, बसून एक पेला घ्यायचे, आम्ही मुलं शेजारीच असायचो. लपवाछपवी नव्हती, त्यामुळे दारूचा मला ना कधी बाऊ वाटला ना ओढ, असं मी लिहिलं होतं. त्यावर हे गृहस्थ लिहितात, “ज्या घरात मुलांसमोर पेला भरला जातो त्या घरात संस्कार कसले? गोवेकरांना यात काही वावगं वाटत नाही हेच दुर्दैव.” पुढे आणखी तीन गोष्टी आहेत. दारूचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत सांगितलंय. मी प्यायले नाही यात घराच्या मोकळेपणाचं श्रेय काही नाही, मी मुलगी होते म्हणून प्यायले नाही. आणि धाकट्या भावाला एका ओळीत उरकून मी पुढे का निघून गेले?

आधी संस्कार. हा शब्द तुम्ही ज्या सहजतेने आमच्या तोंडावर फेकलात, तिचंच मला नवल वाटतं. संस्कार म्हणजे तुमच्या लेखी काय हो? संध्याकाळी शुभंकरोति? ती आमच्याकडेही होती, दिवा लागल्यावर, बाबांच्या पेल्याच्या आधी. पाढे होते. शेणाने सारवलेल्या अंगणात चपला घालून आलं की पाठीत धपाटा होता.

आणि काजूचा हंगाम हाच मोठा संस्कार होता. बोंडू, म्हणजे काजूचं फळ, झाडावरचा ओढायचा नाही, आपसूक पडलेलाच वेचायचा. तो कच्चा नको, कुजका नको. बी पिळून वेगळी करायची, बोंडू कोळमीत, म्हणजे तुडवायच्या कुंडात, घालून तुडवायचे, चोथा बांधून त्यावर दगड ठेवायचा. मग रात्रभर थेंब थेंब गळतो तो नीरो. सकाळी त्याचा एक एक पेला आम्हा पोरांना. काजूचा डाग कपड्याला लागला की जात नाही, म्हणून मार्च ते मे आम्ही एकच जुना फ्रॉक नि एकच जुनी चड्डी वापरायचो. उरलेला रस दोन-तीन दिवस आंबला की भाटीवर चढायचा. पहिल्या खेपेला निघतो तो हुर्राक, सौम्य, उन्हाळ्यापुरता. तो पुन्हा चढवला की फेणी, बेचाळीस टक्क्यांच्या आसपासची. बाबा बाटली हलवून फेस बघायचे. मणी कसे धरतात आणि किती वेळ टिकतात त्यावरून तिचा जोर सांगायचे, आणि क्वचितच चुकायचे. पहिल्या धारेतला वाटा घरात कुणी चाखायच्या आधी राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवचाराला, जायचा. सोरो (दारू), रोट (जाड भाकरी) आणि विडी. आमच्या देवचाराला जे चालतं ते कोथरूडला चालत नाही, याला मी काय करू? (कोथरूड हा माझा अंदाज. चुकला असेल तर सदाशिव पेठ धरा.)

‘गोवेकरांना’ हा शब्द तर फारच झाला. काजूचं झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलं, त्यातून इथल्या माणसांनी जे काढलं त्याला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि २०१६ मध्ये सरकारने फेणीला राज्याचा वारसा म्हटलं. ही कुठल्या गुत्त्यातली बढाई नव्हे. उलट तुमच्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे. पिणाऱ्याने परवाना घ्यायचा, आणि परवाना कशासाठी, तर आरोग्य राखण्यासाठी! कागदावर सगळा महाराष्ट्र औषध पितो. आणि शनिवारी कळंगुटला एकदा उभे राहा, एमएच १२ च्या गाड्या मोजा. ती मंडळी संस्कार घरी ठेवून येतात की डिकीत, ते मला माहीत नाही.

गोव्यात सगळेच पितात हा समज तुमच्या वाक्यावाक्यात आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) गोव्यातल्या शंभरातल्या साधारण ३७ पुरुषांनी आपण पितो असं सांगितलं. म्हणजे ६३ जण पीत नाहीत. बायका तर शंभरात पाच-सहाच. एकवीस वर्षांखालच्याला दारू विकायची नाही हा कायदा आमच्याकडेही आहे.

एक मान्य करते. खोकला झाला की आजी साखरेवर चमचाभर फेणी घालून द्यायची, हे मी कौतुकाने लिहिलं होतं. छातीला चोळणं एक वेळ ठीक, लेकराच्या पोटात घालणं चूक. ते वाक्य मी बदललं आहे. बघा, आम्हालाही कळतं.

आरोग्य संघटनेचं म्हणाल तर ते मीही वाचलंय. पेपर सत्तरीतही येतात.

राहिला मुलगी असण्याचा मुद्दा. तो इथे आणायचं काही कारण नव्हतं. त्याच घरात, त्याच सोप्यावर मी वाढले, तोच वास रोज नाकात गेला. तीस वर्षं शाळेत शिकवलं, आज साठीला आले, स्वतःहून एक थेंब जिभेला लावलेला नाही. याहून मोठा पुरावा काय हवा? संध्याकाळी सातला बाबा हाक मारायचे. मी स्वयंपाकघरातून मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची आणायची, भाऊ आतल्या खोलीतून बाटली आणायचा. बूच तोच काढायचा. बाबा पेला उजेडाकडे धरून त्याला फेस दाखवायचे, ‘बघ, कसे मणी बसलेत.’ मला ते मीठ ठेवताना बाजूने दिसायचं. हंगाम ऐन भरात असताना भावाला कधीमधी हुर्राकाचा घोट मिळायचा, लिंबू पिळून, मीठ घालून, वर मिरची. तो बारा-तेराचा असेल. मला कुणी घे म्हटलं नाही आणि मीही कधी मागितलं नाही. तेव्हा मुलगी होते म्हणून अमुक झालं असं म्हणणं म्हणजे माझी स्वतःची काही बुद्धी होती हेच नाकारणं. बाईने स्वतः काही ठरवलं हे पुण्यात अजून पचत नाही का?

बाबांनी आयुष्यात दुसरा पेला भरलेला मी पाहिला नाही. हे मी लेखात लिहिलं होतं, तुम्ही ते सोयीस्कर गाळलंत. माप कसं पाळायचं ते उघड्यावर बसूनच शिकता येतं. कपाटात कुलूप लावून पिणाऱ्याची पोरं कुलूप उघडायला शिकतात, माप शिकत नाहीत. वर्गात असली पोरं मी कमी पाहिली नाहीत. बाप ‘निर्व्यसनी’, आणि पोराच्या दप्तरात चपटी.

आणि व्यसनाचं गांभीर्य आम्हाला नाही म्हणता? पर्वरीच्या ‘संगथ’ या संस्थेने आमच्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. डॉक्टर नव्हेत, शिकवून तयार केलेले साधे समुपदेशक होते. त्रास होण्याइतकी पिणाऱ्या पुरुषांशी ते जास्तीत जास्त चार बैठकांत बोलायचे. कधी प्यावंसं वाटतं, कुणाबरोबर, पगाराच्या दिवशी काय होतं, नको म्हणायचं कसं, हे सगळं. नुसत्या नेहमीच्या तपासणीपेक्षा त्याचा गुण जास्त आला, आणि २०१७ साली ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. जगाने वाचलं. हे मला माहीत आहे कारण भावासाठी मी स्वतः चौकशी केली होती. तिथल्या बाईंनी प्रश्नांची यादी पुढे ठेवली आणि त्याची उत्तरं मीच दिली, तो गाडीतून उतरलाच नव्हता. सकाळी उठल्या उठल्या लागते का, हात थरथरतात का. त्यांनी कागद उलटा ठेवला आणि म्हणाल्या, हे बोलून होणारं काम नाही, याला दाखल करायला हवं. असो.

तर भाऊ. तुम्ही म्हणता मी ‘सटकले’. सटकले नाही, थांबले. प्रत्येक घराची काही झाकणं असतात, ती वाचकाने उचलायची नसतात. त्याची नोकरी गेली ती कंपनी बंद पडली म्हणून. बायको माहेरी गेली त्याला कारणं दहा होती. मित्र वाईट मिळाले, वास्कोला खोली घेऊन एकटा राहिला, जेवणाचे हाल. यात सोप्यावरच्या त्या एका पेल्याचा संबंध कुठे येतो? बाबा शेवटच्या आजारात एकदा मला म्हणाले होते, ‘त्याला बाटली आणायला मीच पाठवायचो गो.’ आजारी माणूस कशाचाही संबंध कशाशीही लावतो. मी त्यांना सांगितलं, तसं काही नसतं बाबा, मी पण तिथेच होते की.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, आमच्याकडे मतभेदाला जागा आहे. मात्र पुढच्या वेळी आपल्या नावाने लिहा, आणि ‘हुर्राक’ला जोडाक्षर आहे, ‘हुराक’ नव्हे. जे लिहिता ते आधी नीट लिहायला शिका.

शेवटी लिहिलंत, ‘आता तुमच्या घरात तरी मुलांसमोर पेला भरता का, ते सांगा.’ सांगते. भावाची मुलगी आणि मुलगा गेली चार वर्षं फोंड्याला माझ्याकडे शिकायला आहेत. मुलगा यंदा दहावीला. घरात बाटली नाही. मे महिन्यात गावाहून कुणी हुर्राक पाठवला तर मी तो फाटकावरूनच परत करते. मला वास सहन होत नाही, एवढंच कारण आहे. त्यातून भलता अर्थ काढू नये.