पंखे फिरतात, पडदा मात्र काळा

डेस्कटॉप अजिबातच चालू होत नसेल, तर ते दुःख सरळ असतं. बटण दाबलं, हूं नाही की चूं नाही, संपलं. खरा छळ दुसराच. बटण दाबताच दिवा लागतो, पंखे भणभणतात, आतले रंगीत एलईडी नाचायला लागतात, आणि एवढ्या थाटामाटानंतर मॉनिटर निर्विकारपणे सांगतो, ‘नो सिग्नल’. पंखे फिरतात याचा अर्थ वीज आली एवढाच. शुद्ध आली की नाही, हे पंख्याला विचारून उपयोग नाही.

अशा वेळी आपला संशय नेहमी किमतीप्रमाणे धावतो. आधी ग्राफिक्स कार्ड, मग प्रोसेसर, मग मदरबोर्ड. वायर हलवून बघायचं सर्वांत शेवटी सुचतं, आणि तेही शेजारी उभ्या असलेल्या माणसाला. मी म्हणतो, चौकशी उलटीकडून करा. सर्वांत स्वस्त आरोपी आधी.

‘नो सिग्नल’ ही अक्षरं उमटत असतील, तर मॉनिटर धडधाकट आहे, त्याला छळू नका. फक्त त्याच्या मेनूत जाऊन बघा, की वायर एचडीएमआयची लावून साहेब डिस्प्लेपोर्टकडे डोळे लावून बसले आहेत का. अक्षरंही नसतील, तर अंधारात पडद्यावर तिरपी टॉर्च मारा. पुसट चित्र दिसलं, तर कॅबिनेट निर्दोष. मॉनिटरची बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा उजेड, गेली आहे.

मग कॅबिनेटच्या मागे वाका. इथे चित्राची भोकं दोन ठिकाणी असतात: वर यूएसबीच्या शेजारी मदरबोर्डची, आणि खाली आडव्या पट्टीत ग्राफिक्स कार्डाची. धूळ झटकताना काढलेली वायर परत लावताना हात वरच्या भोकाकडेच जातो, कारण ते सोयीचं असतं. पण कार्ड बसवलेलं असलं, की वरची वाट बहुधा बंद होते. आणि इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल, तर त्यात ग्राफिक्सच नसतं. वरचं भोक निव्वळ शोभेचं.

आत हात घालण्याआधी एक फुकटची तपासणी. कीबोर्डवरचं नम लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो आहे, तर मशीन आत जागं आहे, फक्त चित्र बाहेर येत नाही. दिवा ढिम्म असेल, तर गाडी सुरुवातीच्या तपासणीतच अडकली आहे. बऱ्याच नव्या मदरबोर्डांवर त्यासाठी चार बारीक दिवे असतात: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्कवरून सुरू होणं). जो पेटून राहील, तिथे दुखतंय. हे दिवे कोपऱ्यात इतके लपलेले असतात, की पुष्कळांना मदरबोर्ड बदलताना त्यांचा शोध लागतो.

आता रॅम. नो डिस्प्लेच्या तक्रारीत पहिला हात रॅमलाच घालावा. एसएमपीएसचं, म्हणजे कॅबिनेटला वीज पुरवणाऱ्या डब्याचं, बटण बंद करा, प्लग काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, आणि मग पट्टी उपसा. तिच्या सोनेरी दातांवर पेन्सिलचं खोडरबर हलकेच फिरवा. पॉलिश पेपर नको. सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, तो गेला की पट्टी खरोखरच जाते. आणि हे काम स्लॉटपासून लांब करा, नाहीतर रबराचा भुगा आत पडून बिघाडाला भावंड मिळेल.

परत बसवताना दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबा, ‘खट्’ आवाज येईपर्यंत. एक टोक बसलं आणि दुसरं केसभर वर राहिलं, तरी लांबून ती बसल्यासारखीच दिसते. पट्टी एकच असेल आणि स्लॉट चार, तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा स्लॉट तिचा. पट्ट्या दोन असतील, तर एकेक लावून बघा. दोघींपैकी आजारी कोण, ते कळतं. जाता जाता: डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन पिढ्या, दोघींनाही २८८ पिना, पण मधली खाच वेगळ्या जागी. बसत नसेल तर जोर लावू नका. आणि डीडीआर५ नवीनच बसवली असेल, तर पहिल्यांदा मशीन स्वतःशीच जुळवाजुळव करत काही मिनिटं काळ्या पडद्याने बसतं. अधीर माणूस मध्येच बंद करतो, ते बिचारं पहिल्यापासून सुरू करतं. असा बिघाड कितीही वेळ चालू ठेवता येतो.

रॅमनेही जमलं नाही, तर पॉवरच्या वायरी. २४ पिनांची जाडजूड वायर सगळ्यांना दिसते. वरच्या कोपऱ्यात प्रोसेसरसाठी ८ पिनांची दुसरी असते, ती विसरली की पंखे फिरतात आणि बाकी सन्नाटा. ग्राफिक्स कार्डाचंही तसंच. त्याला स्लॉटमधून ७५ वॅटच मिळतात, मोठ्या कार्डाचं त्यावर भागत नाही. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर चार्ज धरून असतात.

बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, कुणी बोटं घातली असतील, तर प्लग काढून सीआर२०३२ हा मदरबोर्डवरचा गोल सेल पाच मिनिटं काढून ठेवा, सेटिंग मूळपदावर येतं. घड्याळही मागे जातं. मग डिस्प्ले येतो, पण तारीख जुनी असल्यामुळे वेबसाइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून दार लावून घेतात, आणि माणूस इंटरनेट दुरुस्त करायला बसतो.

डिस्प्ले आला तरी झाकण लगेच लावू नका. आडवं ठेवलेलं कॅबिनेट उत्तम चालतं, उभं केलं की पुन्हा अंधार, हा प्रकार दिसला तर ग्राफिक्स कार्ड स्वतःच्या वजनाने स्लॉटमध्ये झुकतंय. मागच्या पट्टीचा स्क्रू घट्ट करा. म्हणजे तोच, जो मघापासून टेबलावर पडलाय आणि कुठला ते आठवत नाहीये.